मूल मैदानात उतरण्यापूर्वी त्याच्या दातांचं बघा

जून उजाडला की फोंड्याला आमच्या भागात संध्याकाळी पोरांचे घोळके बूट खांद्याला लटकवून मैदानाकडे निघतात, पाऊस असो नसो. गोव्याने 2012 साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं, पण इथल्या घराघरांत त्याला तो मान कधीचाच होता. माझी दोन्ही मुलं त्यातलीच. थोरला खेळायला लागला तेव्हा मी बूट घेतले, लांब मोजे घेतले, नडगीवर बांधायचे शिन गार्ड घेतले, कारण शिन गार्डशिवाय रेफ्री मैदानात उतरू देत नाही. तोंडात माउथगार्ड, म्हणजे दात वाचवणारं मऊ प्लास्टिकचं कवच, घालायचं का हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

अकराव्या वर्षी सरावात त्याला कोपर लागलं. हवेतल्या चेंडूसाठी दोघं एकदम उडाले, एवढंच. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. मदतीला धावलेल्या एका भल्या माणसाने तो नळाखाली चोळचोळून धुतला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. डेंटिस्टकडे पोचेपर्यंत दोन तास होऊन गेले होते. दात परत बसवला गेला, पण मुळावरचा जिवंत थर तोवर सुकून मेला होता. पुढच्या तीन-चार वर्षांत ते मूळ हळूहळू विरघळत गेलं आणि शेवटी दात गेलाच. धाकट्याच्या वेळी मी पहिल्या दिवसापासून वेगळं वागले. ज्यांचं मूल यंदा पहिल्यांदाच फुटबॉल, कबड्डी, बास्केटबॉल, हॉकी, तायक्वांदो असं काही खेळायला जाणार आहे, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डेंटिस्टकडून शिकलेलं आणि सात-आठ वर्षं मैदानाच्या कडेला बसून पाहिलेलं सांगते.

1. आधी मुलाच्या तोंडात डोकावा

दिवसाउजेडी, दारात बसवून, ओठ वर करून बघा. वरचे मधले दोन मोठे दात कायमचे आहेत का? ते साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि खेळात सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. दात बाहेर दिसायला लागला म्हणजे तो पुरा झाला असं नाही. त्याचं मूळ पूर्ण व्हायला त्यानंतरही तीनेक वर्षं लागतात, म्हणजे दहा-अकरा वर्षांपर्यंत तो दात आतून कच्चाच असतो.

मग मुलाला सहज बसू द्या आणि न सांगता त्याचे ओठ बघा. ओठ मिटलेले असताना दात झाकले जातात का? ज्यांचे वरचे दात खालच्यांपेक्षा बरेच पुढे असतात आणि ओठ त्यांच्यावर पुरत नाहीत, त्या मुलांना इजेचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. ओठ ही दाताची पहिली गादी. ती नसली की मार थेट दातावर बसतो. तुमचं मूल असं असेल तर पुढची पायरी लांबणीवर टाकू नका.

2. हंगामाच्या आधी डेंटिस्टकडे एक फेरी

स्पर्धेच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, निदान महिनाभर आधी जा. किडलेला दात भरून घ्या, कारण पोखरलेला दात छोट्या धक्क्यानेही तुटतो. हलणारे दुधाचे दात दाखवा. दात पुढे असतील तर ते मागे घेण्याचे उपचार कधी सुरू करायचे ते विचारा. ज्यांचा खालचा जबडा पुढे आहे त्यांनी गार्ड वर घालायचा की खाली, हेही विचारून घ्या. इतर मुलांना तो वरच्याच दातांवर बसतो.

खाजगी डेंटिस्ट परवडत नसेल किंवा जवळ नसेल तर पणजीजवळच्या बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे. सरकारी आहे, 1980 पासूनचं आहे आणि तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं.

तारा लावलेल्या मुलांसाठी एक सूचना. साधा गार्ड तारांवर दाबून बसवला तर तो काढताना दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट उपटून येतात आणि दात सरकायला त्यात जागाही राहत नाही. त्यांच्यासाठी वेगळा बनवावा लागतो, तो तारा लावणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आणि काढता-घालता येणारी प्लेट असेल तर ती खेळायच्या आधी काढून डबीत ठेवायची. तोंडात राहू देऊ नका.

3. गार्ड कुठला घ्यायचा

माउथगार्ड, काही जण गमशील्ड म्हणतात, तीन प्रकारचे असतात.

पहिला तयार मिळतो, एकाच मापाचा. तो कुणालाच नीट बसत नाही. मूल दात आवळून धरेल तेवढाच वेळ जागेवर राहतो, त्यात बोलणं नाही, श्वास नाही. हा घेऊच नका.

दुसरा गरम पाण्यात मऊ करून घरी दातांवर बसवायचा. खेळाच्या सामानाच्या दुकानात आणि ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. नीट बसवला तर सुरुवातीला चांगला आहे.

तिसरा डेंटिस्ट मुलाच्या दातांचं माप घेऊन, प्लास्टरच्या साच्यावर खास प्लास्टिकचे थर दाबून बनवून देतात. सर्वांत उत्तम हाच. दातांच्या पुढे साधारण 3 मिलिमीटर आणि चावायच्या बाजूला 2 मिलिमीटर जाडी राखता येते. ती जाडीच धक्का पसरवते. घरी बसवलेल्या गार्डमध्ये मूल जोरात चावलं की नेमकी तीच जाडी जाते.

माझं मत विचाराल तर नवख्या, सात ते बारा वयाच्या मुलाला पहिल्या वर्षी दुसरा प्रकार घ्या. या वयात दुधाचे दात पडतात, नवे येतात, जबडा वाढतो, त्यामुळे महागातला गार्डही सहा-आठ महिन्यांत घट्ट होऊ शकतो. सगळे कायमचे दात आले आणि मूल संघातून नियमित खेळायला लागलं की तिसरा करा. गोलकीपर, बॉक्सिंग-तायक्वांदोची मुलं आणि पुढे दात असलेली मुलं यांच्यासाठी मात्र मी वाट पाहणार नाही, पहिल्या वर्षीच मापाचा करून घेईन.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. गार्ड दातांसाठी आहे, ओठ-गाल फाटण्यापासूनही वाचवतो. डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का तो टाळतो असं खात्रीने कुणी सांगू शकत नाही. म्हणून गार्ड घातलाय म्हणून डोकं पुढे घालायला मुलाला शिकवू नका.

4. घरी बसवायची रीत

मी हे तीनदा केलंय, पहिला फुकट घालवलाय. घाई नसलेला रविवार निवडा. पाकिटावरची सूचना आधी पूर्ण वाचा, कारण किती सेकंद बुडवायचं ते कंपनीगणिक वेगळं असतं.

कोरडाच गार्ड तोंडात घालून बघा. मागची टोकं घशाशी लागून उमासे येत असतील तर कात्रीने थोडी कापा. मागे तो सहाव्या वर्षी आलेली पहिली मोठी कायमची दाढ झाकेल इतका लांब हवाच. टोकं कापल्यावर कड बोटाने चाचपून बघा, टोचता कामा नये.

पाणी उकळून गॅसवरून उतरवा. गार्ड झाऱ्यावर ठेवून पाण्यात सोडा, भांड्याच्या तळाला चिकटू देऊ नका. सांगितलेले सेकंद झाले की बाहेर काढून क्षणभर थंड पाण्यात बुडवा, म्हणजे हिरडी भाजणार नाही. मुलाला आरशासमोर उभं करा. मधली रेघ नाकाच्या रेषेत धरून वरच्या दातांवर बसवा. आता खरी गोष्ट. मुलाला सांगा, हळूच चाव आणि आतली हवा शोषून घे. जोरात चावायचं नाही. त्याच वेळी तुम्ही बाहेरून ओठांवर आणि गालांवर बोटांनी दाबत राहा, म्हणजे प्लास्टिक दातांच्या पुढून वर हिरडीपर्यंत नीट चिकटेल. आतून जीभ टाळूला लावून दाबायला सांगा. वीस-तीस सेकंद असंच. मग काढून थंड पाण्यात.

बसला का ते कसं ओळखायचं? तोंड उघडलं आणि गार्ड खाली पडला नाही तर बसला. मूल "पास दे, मागे बघ" हे कळेल असं बोललं पाहिजे, आणि पळत एक चक्कर मारून आल्यावर धाप लागून तो काढून टाकू नये. यातलं एकही जमलं नाही तर पुन्हा गरम करून बसवा. बहुतेक गार्ड एक-दोनदा पुन्हा बसवता येतात, नंतर प्लास्टिक पातळ होतं. चावायच्या जागी पलीकडचं बोट दिसण्याइतकं पातळ झालं असेल तर तो टाकून दुसरा आणा.

5. सवय लावा

"आई, ह्यात बोलताच येत नाही गं," हे धाकट्याचं पहिलं वाक्य. मी वाद घातला नाही. पहिले चार दिवस अभ्यासाला बसताना दहा मिनिटं, मग टीव्ही बघताना, मग अंगणात चेंडू खेळताना. आठवड्याभरात लाळ सुटणं थांबलं आणि तक्रारही.

सामन्यातच नव्हे, सरावातही घालायचा. माझ्या थोरल्याचा दात सरावातच गेला. मुलं सामन्यापेक्षा सराव कितीतरी जास्त करतात. सगळ्यांत परिणामकारक ठरतात ते कोच. सरांनी एकदा ओळीने उभं करून विचारलं, "गार्ड दाखवा," की घरी आपण महिनाभर सांगून होत नाही ते एका संध्याकाळी होतं. पालकांच्या बैठकीत सरांना हे विनवून सांगा. बॉक्सिंग आणि तायक्वांदोच्या स्पर्धांत गार्ड सक्तीचाच आहे, तिथे ही अडचण नाही. फुटबॉल-कबड्डीत तो आपल्यालाच आग्रहाने घालायला लावावा लागतो.

गार्ड चघळायचा नाही, मोज्यात खोचायचा नाही, मित्राला द्यायचा नाही. खेळून झालं की थंड पाण्याने आणि साबणाने ब्रश करून धुवा, पुसा, भोकं असलेल्या टणक डबीत ठेवा. बंद पिशवीत ओला राहिला तर पावसाळ्यात दोन दिवसांत त्याला वास मारतो. आणि स्कूटरच्या डिकीत कधीही ठेवू नका. मे महिन्यात दुपारी डिकीत राहिलेला आमचा एक गार्ड वाकडा झाला, पुन्हा बसलाच नाही.

6. मैदान आणि पिशवी

भाताची कापणी झाली की आमच्याकडे रिकाम्या शेतांत खेळ सुरू होतो. जमीन टणक, मधे मेरा म्हणजे शेताचे बांध, कडेला काटेरी तार. मुलं गोलपोस्ट म्हणून चिरे मांडतात, आणि चिऱ्याच्या कोपऱ्यावर तोंडावर पडलेलं पोर मी डोळ्यांनी पाहिलंय. चिरे उचलून बाजूला ठेवा, त्यांच्या जागी दप्तरं मांडा. पावसात सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर शेवाळ धरतं, तिथे त्या दिवशी खेळूच देऊ नका.

पिशवीत माझ्याकडे कायम हे असतं: सलाइनची एक छोटी बाटली, साध्या दुधाचा न उघडलेला टेट्रापॅक (त्याला फ्रिज लागत नाही), घट्ट झाकणाची छोटी डबी, दोन स्वच्छ रुमाल, हातमोजे आणि डेंटिस्टचा नंबर मोठ्या अक्षरांत. टेट्रापॅकची तारीख बघून बदलत राहायचा.

7. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. कोचना दाखवा, घरच्यांशी बोला. दाताचं भवितव्य पहिल्या अर्ध्या तासात ठरतं आणि त्या अर्ध्या तासात तिथे डेंटिस्ट नसतो, आपण असतो.

आधी मूल बघा. बेशुद्ध पडलं होतं का, ओकारी झाली का, गोंधळल्यासारखं बोलतंय का? तसं असेल तर 108 ला फोन, दाताचं नंतर. तसं नसेल तर रुमाल चावायला देऊन रक्त थांबवा आणि एकाला दात शोधायला लावा. दात सापडलाच नाही तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो श्वासातून आत गेला असू शकतो, त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात.

तो दात दुधाचा की कायमचा, हे आधी ठरवा. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलांवर टाकायची पद्धत आहे, आणि खेळात निखळलेला दुधाचा दातही परत हिरडीत घालायचा नसतो, कारण खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. फक्त मुलाला डेंटिस्टकडे न्या. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचाच. सात-आठनंतर वरचा मधला मोठा दात असेल तर कायमचा धरा.

कायमचा असेल तर:

दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. मुळावर लालसर पातळ थर असतो, त्यातल्या जिवंत पेशीच दाताला पुन्हा धरून ठेवणार असतात. म्हणून चोळायचं नाही, साबण नाही, जंतुनाशक नाही, हळद नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने अलगद धुवा, काहीच नसेल तर मुलाच्या स्वतःच्या लाळेने.

मग तो जागेवर बसवा. हो, तुम्हीच, तिथेच. शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू पुढे ठेवा, बोटाने हलकेच पण ठामपणे वर ढकला आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. भीती वाटते, मला माहीत आहे. पण गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीला पोचायला तासाहून जास्त लागतो, आणि कोरड्या हवेत अर्धा तास राहिला तर मुळावरच्या बहुतेक पेशी मरतात. पहिल्या पाच मिनिटांत बसवलेल्या दाताला सगळ्यात चांगली आशा असते. थोडा वाकडा बसला तरी चालेल, डॉक्टर सरळ करतील.

मूल घाबरून ओरडत असेल, शुद्धीबद्दल शंका असेल किंवा हिरडी फार फाटली असेल तर जबरदस्ती करू नका. दात डबीत घालून तो बुडेल इतकं थंड, साधं दूध ओता. कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळणारं पिशवीतलं दूधही चालतं, साखर किंवा फ्लेवर घातलेलं नको. दूध नसेल तर मुलाने कपात थुंकलेली लाळ किंवा सलाइन. काहीच मिळालं नाही तर पाणी, ते वाईट आहे पण कोरडं ठेवण्यापेक्षा बरं. शहाळ्याच्या पाण्यावर आपल्या देशात प्रयोग झाले आहेत आणि आपल्याकडे ते चटकन मिळतंही, पण ते आंबटसर असतं. दातांच्या इजांवरच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत त्याचं नाव नाही, त्यामुळे मी दूधच घेईन.

निघताना डेंटिस्टला फोन करून सांगा की दात मुळासकट बाहेर आलाय आणि किती वाजता आला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून ठेवा.

8. बाकीच्या इजा

दाताचा तुकडा पडला तर तो शोधून पाण्यात ठेवून न्या, बरेचदा तो परत चिकटवता येतो. ओठ फाटला असेल आणि तुकडा सापडत नसेल तर तो ओठात रुतलेला असू शकतो. तुटलेल्या भागात लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडलीय, त्याच दिवशी जा. दात सरकला, आत दाबला गेला किंवा मूल चावताना दात नीट जुळत नाहीत, तरीही त्याच दिवशी. तोंड उघडत नसेल तर जबड्याचं हाड मोडल्याची शंका घ्या. नुसता धक्का बसून दात हलत नसला तरी दाखवून ठेवा. कधी आठवड्यांनी तो करडा पडतो, तेव्हा आत नस मेलेली असते.

9. उपचारानंतर

परत बसवलेला दात शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतात. त्या काळात मऊ जेवण: पेज, मऊ भात, वरण. मऊ ब्रश आणि डॉक्टरांनी दिलेला माउथवॉश. मूळ पूर्ण झालेल्या दाताचं रूट कॅनल बहुधा या दोन आठवड्यांतच सुरू करतात. मूळ कच्चं असेल तर डॉक्टर थांबून बघतात, कारण नस पुन्हा जगू शकते.

तपासण्या चुकवू नका. दोन आठवड्यांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग निदान पाच वर्षं दरवर्षी. माझ्या थोरल्याचा दात जबड्याच्या हाडाला चिकटला. बाकीचे दात वाढीबरोबर खाली येत गेले आणि तो एकटा वरच राहिला. ते वेळेत कळलं ते या तपासण्यांमुळेच. वाढ पूर्ण होईपर्यंत तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, हाही बसवत नाहीत, म्हणून अकराव्या वर्षी झालेल्या इजेच्या उपचारासाठी त्याला विशीपर्यंत वाट पाहावी लागते आहे.

पुन्हा खेळायला कधी सोडायचं ते डेंटिस्टने सांगू दे. सोडण्याच्या आधी जुना गार्ड टाकून द्या, दात जरा जरी हललेले असले तरी तो आता बसत नाही. नव्याने माप द्या, आणि सरावाची पहिली संध्याकाळ नव्या गार्डनेच सुरू होऊ द्या.